आल्प्समधील सौम्य पायवाटा आणि ज्येष्ठ प्रवासी : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

आल्प्स पर्वताच्या पर्यटनाचा इतिहास प्रामुख्याने शिखरविजयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या लेखनात ज्येष्ठ, अशक्त अथवा हळू चालणाऱ्या प्रवाशाला फारसे स्थान मिळालेले नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून असा प्रवासी आल्प्समध्ये सातत्याने येत राहिला आणि त्याच्यासाठी डोली, दातेरी रुळांची रेल्वे, वैद्यकीय चालमार्ग व पिवळ्या दिशादर्शक पाट्या अशी एक स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. प्रस्तुत निबंधात या व्यवस्थेच्या जडणघडणीचा आढावा घेतला असून, तीतून आजच्या ज्येष्ठ प्रवाशाने चालण्याची वाट कशी निवडावी यासंबंधीचे निकष मांडले आहेत. सौम्य पायवाट ही खडतर वाटेची दुय्यम आवृत्ती नसून जाणीवपूर्वक घडविलेली सार्वजनिक संस्था आहे, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आल्प्स, पर्यटनाचा इतिहास, ज्येष्ठ प्रवासी, रिगी, दातेरी रेल्वे, चालचिकित्सा, पायवाटांचा कायदा.

प्रस्तावना

पर्वत आणि वार्धक्य यांचा संबंध आपल्याकडे पूर्वापार तीर्थयात्रेच्या संदर्भात जोडला गेला आहे. युरोपात मात्र अठराव्या शतकानंतर पर्वताकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि पर्वत हा आनंदासाठी, आरोग्यासाठी व निसर्गदर्शनासाठी जाण्याचे ठिकाण ठरला. स्विस वैद्य व कवी आल्ब्रेख्ट फोन हालर याने १७२८ मध्ये आल्प्सचा प्रवास केला आणि त्यावर आधारित त्याचे ‘दी आल्पेन’ हे दीर्घकाव्य १७३२ मध्ये प्रसिद्ध झाले. १७८६ मध्ये जाक बाल्मा व मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी माँ ब्लाँ शिखर सर केले. पुढच्याच वर्षी जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर तेथे पोहोचला. या घटनांपासून आल्प्सच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे.

परंतु या प्रथेमुळे एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. ज्यांना शिखर गाठावयाचे नव्हते, अथवा वयोमानामुळे गाठता येत नव्हते, त्यांच्यासाठी हा पर्वत कसा खुला झाला? हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकापुरता मर्यादित नाही. आज महाराष्ट्रातूनही ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने स्वित्झर्लंडच्या सहलीस जातात. त्यांपैकी अनेकांचा डोंगराशी येणारा संबंध रज्जुमार्गाने उंचावर जाणे, छायाचित्र काढणे आणि परत येणे एवढ्यापुरता राहतो. ‘आता चालणे आपल्याला झेपणार नाही’ ही समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत साधार आहे, हे तपासण्यासाठी सौम्य पायवाटांचा इतिहास उपयुक्त ठरतो.

उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) आल्प्समधील सौम्य चालमार्गांच्या निर्मितीमागील सामाजिक, तांत्रिक व वैद्यकीय कारणांचा शोध घेणे, (२) या मार्गांविषयी झालेल्या वादाचे स्वरूप समजून घेणे, (३) ज्येष्ठ प्रवाशांसाठी वाट निवडण्याचे निकष इतिहासाच्या आधारे मांडणे. अभ्यासाची व्याप्ती मुख्यत्वे स्वित्झर्लंड आणि पूर्वी ऑस्ट्रियात असलेला दक्षिण टिरोल या प्रदेशांपुरती मर्यादित ठेवली आहे.

१. शिखरकेंद्री इतिहासलेखन

१८५७ मध्ये लंडन येथे अल्पाइन क्लबची स्थापना झाली. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर याच्या तुकडीने मॅटरहॉर्न सर केले आणि उतरताना सातांपैकी चौघांचा मृत्यू झाला. या घटनेने आल्प्सचे शौर्य व धोका हे दोन्ही पैलू युरोपभर पोहोचविले. लेस्ली स्टीफन याने १८७१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच आल्प्सला युरोपचे क्रीडांगण म्हटले. क्रीडांगण म्हटले की खेळाडू आले, स्पर्धा आली आणि बाद होणेही आले. म्हातारा प्रवासी या रूपकात प्रेक्षक ठरतो.

तथापि याच काळातील मार्गदर्शक पुस्तके वेगळे चित्र दर्शवितात. जॉन मरे याचे स्वित्झर्लंडविषयक मार्गदर्शक १८३८ मध्ये आणि कार्ल बेडेकर याचे १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पुस्तके गिर्यारोहकांसाठी नव्हे, तर सामान्य प्रवाशांसाठी होती. १८६३ च्या उन्हाळ्यात थॉमस कुक याने स्वित्झर्लंडची पहिली मार्गदर्शित सहल नेली. त्या सहलीतील जेमायमा मोरेल या इंग्रज स्त्रीची रोजनिशी उपलब्ध असून, साध्या पोशाखातील मध्यमवर्गीय स्त्री-पुरुष कसे चालत, खेचरावर बसत आणि थकत, याचे दर्शन तीतून घडते. तात्पर्य, शिखराच्या इतिहासाला समांतर असा चालणाऱ्यांचा इतिहास सुरुवातीपासूनच अस्तित्वात होता.

२. रिगी : डोलीपासून रुळांपर्यंत

या समांतर इतिहासाचे केंद्र म्हणजे ल्युसर्न सरोवराकाठचा रिगी हा डोंगर होय. त्याची उंची १,७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडीच अधिक आहे. चढाईच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व नाही. परंतु सरोवरे व हिमशिखरे यांचे विस्तीर्ण दर्शन घडविणारा डोंगर म्हणून त्याची ख्याती झाली. १८१६ मध्ये माथ्यावर पहिले विश्रामगृह उभे राहिले. सूर्योदय पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढत गेली.

येथे येणारे सर्वच पायी चढत नसत. तट्टे, खेचरे आणि माणसांनी खांद्यावर वाहून नेण्याच्या खुर्च्या यांची सोय होती. राणी व्हिक्टोरिया १८६८ मध्ये ल्युसर्न येथे मुक्कामास असताना रिगी व पिलाटुस हे दोन्ही डोंगर तट्टावरून पाहून आली. श्रीमंत वृद्धाला डोंगर खुला होता, पण तो दुसऱ्याच्या खांद्यावरून. आपल्याकडे गडावर व देवस्थानांच्या डोंगरांवर डोलीची प्रथा आहे, तिच्याशी याचे साम्य स्पष्ट दिसते. या व्यवस्थेत वाहणाऱ्याचे कष्ट हीच वाहिल्या जाणाऱ्याच्या सुखाची किंमत होती.

ही परिस्थिती निकोलाउस रिगेनबाख या अभियंत्याने बदलली. दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखा दातेरी रूळ बसवून त्यात इंजिनाचे दंतचक्र अडकवावयाचे, म्हणजे गाडी तीव्र चढावर घसरत नाही, हे त्याच्या पद्धतीचे सूत्र होते. २१ मे १८७१ रोजी फिट्सनाउपासून निघणारी रिगीची रेल्वे सुरू झाली. युरोपातील ही पहिली दातेरी पर्वतरेल्वे होय. १८७३ मध्ये ती माथ्यापर्यंत पोहोचली आणि १८७५ मध्ये डोंगराच्या दुसऱ्या बाजूने आर्ट येथून आणखी एक मार्ग आला. शंभर मीटर अंतरात पंचवीस मीटर चढणारी ही गाडी, ज्यांना चढ सोसत नाही त्यांना थेट माथ्यावर नेऊन सोडू लागली. मार्क ट्वेन १८७८ मध्ये येथे आला आणि आपल्या रिगी-चढाईचे विनोदी वर्णन त्याने १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात केले. डोंगर चढण्याच्या पराक्रमाची थट्टा करता येईल इतका तो डोंगर तोवर सर्वांचा झाला होता.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा परिणाम वेगळाच होता. रेल्वेमुळे चढ आणि चाल यांची फारकत झाली. तोपर्यंत उंचावर चालावयाचे तर आधी उंचावर चढणे भाग होते. आता चढ यंत्राने करावयाचा आणि चाल पायांनी, अशी विभागणी शक्य झाली. सौम्य डोंगरवाट ही कल्पना या फारकतीतून जन्मली.

३. चालण्याचे वैद्यक

दुसरी प्रेरणा वैद्यकाकडून आली. म्युनिकचे वैद्य माक्स योसेफ एर्टेल (१८३५-१८९७) यांनी हृदयविकार व स्थूलता असलेल्या रुग्णांसाठी मोजूनमापून चढ चालण्याची उपचारपद्धती मांडली. तोपर्यंत अशा रुग्णांना विश्रांतीचाच सल्ला देण्याची रूढी होती. एर्टेल यांनी १८८६ मध्ये दक्षिण टिरोलमधील मेरान, बोझेन व आर्को या आरोग्यस्थळांविषयी ग्रंथ लिहून तेथील वाटांचा उपचाराच्या दृष्टीने विचार केला. वाटांची चढानुसार प्रतवारी करावयाची, रुग्णाने सपाट वाटेपासून आरंभ करून क्रमाक्रमाने अधिक चढाच्या वाटेकडे जावयाचे, आणि अंतर व विश्रांती ठरवून घ्यावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. तिला ‘टेरेन-कूर’ म्हणजे भूप्रदेशाद्वारे उपचार असे नाव मिळाले. तिच्यातील सर्व वैद्यकीय मते आज ग्राह्य धरली जात नाहीत. परंतु हृदयरुग्णास नियंत्रित व्यायाम देण्याच्या आधुनिक विचाराची ती एक पूर्वसूरी म्हणता येईल.

या विचाराला अनुकूल असे मूर्त रूप मेरान येथे दिसते. तेथील वैद्य फ्रान्झ टापाइनर (१८१६-१९०२) यांनी गावाच्या छपरांवरून, डोंगराच्या कुशीतून जाणारी जवळजवळ सपाट चालवाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घडवून आणली. त्या वेळी स्वतः टापाइनर सत्तरी ओलांडलेले होते. सुमारे चार किलोमीटर लांबीची ही वाट आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. वाटेत बाके आहेत, झाडांची सावली आहे आणि ठिकठिकाणी गावात उतरण्याचे फाटे आहेत. चढ काढून टाकला तरी डोंगर उरतो, हे या वाटेने सिद्ध केले.

वैद्यकाचा संबंध उंचीशीही आला. अडॉल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाने युंगफ्राऊ पर्वताच्या पोटातून रेल्वे नेण्याची योजना १८९३ मध्ये मांडली, तेव्हा विरळ हवेत प्रवाशांच्या प्रकृतीचे काय होईल, हा प्रश्न उपस्थित झाला. बर्न येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांनी १८९४ मध्ये वेगवेगळ्या वयोगटांतील सात व्यक्तींना हमालांकरवी त्सेरमाटहून ब्राइटहॉर्नच्या सुमारे ३,७५० मीटर उंचीवरील हिमपठारावर वाहून नेले आणि त्यांचे निरीक्षण केले. निश्चल अवस्थेत अल्पकाळ थांबल्यास निरोगी माणसास ही उंची सोसते, मात्र हालचाल करताच त्रास होतो, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. १ ऑगस्ट १९१२ रोजी ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोख स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले. आज तेथे जाणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाला लागू पडणारी सूचना अशा रीतीने रेल्वे बांधण्यापूर्वीच मिळालेली होती.

४. डोंगर कोणाचा? : एक वाद

या सर्व सोयींचे स्वागतच झाले असे मात्र नाही. जॉन रस्किन याने १८६५ मध्येच गिर्यारोहक व पर्यटक यांच्यामुळे आल्प्सचे पावित्र्य भंगत असल्याची तक्रार केली होती. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘हाइमाटशुट्स’ ही वारसासंरक्षण संस्था स्थापन झाली. मॅटरहॉर्नच्या माथ्यापर्यंत रेल्वे नेण्याच्या योजनेविरुद्ध तिने चालविलेल्या मोहिमेस सुमारे ६८ हजार स्वाक्षऱ्या मिळाल्या. ती रेल्वे कधीच झाली नाही.

या वादातील दोन्ही बाजूंत तथ्य होते. प्रत्येक शिखरावर रूळ नेल्यास ज्यासाठी जावयाचे तेच उरणार नाही, हा संरक्षणवाद्यांचा मुद्दा काळाने योग्य ठरविला आहे. दुसरीकडे, ‘ज्याच्या पायांत बळ त्याचाच डोंगर’ ही भूमिका न्याय्य म्हणता येत नाही. कारण पायांतील बळ हे गुणावर नव्हे, तर बहुतांशी वयावर अवलंबून असते आणि वय सर्वांनाच येते. शिवाय रेल्वेने डोंगर सर्वांना खुला केला हेही अर्धसत्यच होय. तिकिटाचा खर्च परवडणाऱ्यांनाच तो खुला झाला आणि डोली वाहणारे व खेचरे हाकणारे स्थानिक यांचे काम घटले.

शिखरावरील रेल्वे आणि दुर्गम पर्वत या दोन टोकांमधील तडजोड म्हणून मधल्या उंचीवरील सौम्य पायवाटेकडे पाहता येते. याचे बोलके उदाहरण रिगीवरच आहे. काल्टबाड ते शायडेग या दरम्यान १८७४-७५ मध्ये डोंगराच्या कडेने जाणारी साध्या रुळांची रेल्वे सुरू झाली. ती तोट्यात जाऊन १९३१ मध्ये बंद पडली आणि पुढे तिचे रूळही उखडण्यात आले. परंतु रुळांखालची वाट राहिली. दातेरी रुळाशिवाय धावणाऱ्या गाडीला तीव्र चढ पेलत नसल्याने ही वाट मुळातच अत्यंत मंद चढाची होती. सुमारे सात किलोमीटरचा हा मार्ग, त्यावरील जुना पूल व बोगदा यांसह, आज स्वित्झर्लंडमधील उत्तम सौम्य पायवाटांपैकी एक मानला जातो. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने अयशस्वी ठरलेला उपक्रम पादचाऱ्यांच्या दृष्टीने सार्थकी लागला.

सपाट डोंगरवाटांचा आणखी एक, याहून पुरातन उगम व्हाले या राज्यात आढळतो. तेथील शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून हिमनद्यांचे पाणी शेतापर्यंत आणण्यासाठी डोंगराच्या कडेने पाट खोदले. त्यांना फ्रेंचमध्ये ‘बिस’ आणि स्थानिक जर्मनमध्ये ‘झुओने’ म्हणतात. पाण्याला मंद उतारच हवा असल्याने पाटकऱ्याची वाटही आपोआप मंद उताराची झाली. मात्र काही पाट उभ्या कड्याला चिकटून जातात. वाट सपाट असणे आणि वाट निर्धोक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या पाटांवरून मिळतो.

५. पिवळी पाटी आणि राज्यघटना

विसाव्या शतकात मोटारगाडी आल्यावर पादचाऱ्यापुढे नवे संकट उभे राहिले. मीलेन येथील शिक्षक याकोब एस यांना विद्यार्थ्यांसह क्लाउझेन खिंडीच्या रस्त्याने जाताना मोटारींचा उपद्रव सहन करावा लागला आणि त्यातून पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र, एकसारख्या पाट्यांनी दर्शविलेल्या वाटा असाव्यात, ही कल्पना त्यांनी पुढे आणली. १९३४ मध्ये यासाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली आणि पिवळ्या पाट्यांची पद्धत रूढ होऊ लागली.

याच शतकात निवृत्त माणूस हा एक नवा सामाजिक वर्ग निर्माण झाला. स्वित्झर्लंडमध्ये सार्वत्रिक वृद्धत्व विमा १ जानेवारी १९४८ पासून लागू झाला. हाती थोडे पैसे, भरपूर वेळ आणि चालण्याइतके आरोग्य असणारा हा वर्ग पायवाटांचा स्वाभाविक वापरकर्ता ठरला.

१८ फेब्रुवारी १९७९ रोजी स्विस मतदारांनी पायवाटांविषयीचे कलम राज्यघटनेत समाविष्ट करण्यास मोठ्या बहुमताने संमती दिली. त्यानुसार ४ ऑक्टोबर १९८५ रोजी कायदा झाला व १९८७ पासून तो अंमलात आला. एखादी पायवाट नष्ट झाली अथवा तिच्या मोठ्या भागावर चालण्यास अयोग्य असे पृष्ठ आले, तर तिला पर्याय द्यावा, अशी या कायद्याची दिशा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी डांबर आणि माती यांतील फरक किती मोठा असतो, हे लक्षात घेता या तरतुदीचे मोल कळते. आज या देशातील पायवाटांचे जाळे ६५ हजार किलोमीटरच्या आसपास आहे.

या वाटांचे तीन वर्ग आहेत. साधी पिवळी खूण सामान्य चालवाट दर्शविते. पांढरी-लाल-पांढरी खूण डोंगरवाट दर्शविते, जिच्यासाठी पाय स्थिर असावे लागतात. आणि पांढरी-निळी-पांढरी खूण कठीण अल्पाइन मार्ग दर्शविते. स्विस अल्पाइन क्लबने २००२ मध्ये टी-१ ते टी-६ अशी सहा पातळ्यांची प्रतवारीही प्रचलित केली. म्हणजे एर्टेल यांच्या काळातील प्रतवारीची कल्पना आता रुग्णालयाच्या कक्षेबाहेर पडून सार्वजनिक झाली आहे.

६. निवडीचे निकष

वरील इतिहासातून ज्येष्ठ प्रवाशांसाठी वाट निवडण्याचे पुढील निकष हाती येतात.

(अ) चढापेक्षा उताराचा विचार अधिक करावा. चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण गुडघे व मांड्या यांवर भार येतो आणि घसरण्याचा संभव वाढतो. म्हणून ‘गाडीने वर, पायी खाली’ हा प्रचलित सल्ला ज्येष्ठांना सरसकट लागू करू नये. गाडीने वर जाऊन वरच्या वरच आडवे चालणे आणि गाडीनेच उतरणे अधिक हितावह ठरते.

(आ) पाटीवरील वेळ ही आपली वेळ समजू नये. स्विस पाट्यांवरील वेळ सपाट व चांगल्या वाटेवर ताशी ४.२ किलोमीटर वेग गृहीत धरून, विश्रांती न मोजता दिलेली असते. ज्येष्ठांनी तीत किमान निम्मी भर घालावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाटीवर दोन तास असल्यास तीन तास धरावेत आणि शेवटच्या गाडीची वेळ त्यानुसार पाहावी.

(इ) पिवळी खूण म्हणजे सपाट वाट असा अर्थ घेऊ नये. पिवळ्या वाटेवरही लांबलचक पायऱ्या व चढ असू शकतात. नकाशावरील समोच्च रेषा पाहून एकूण चढ व एकूण उतार वेगवेगळे मोजावेत.

(ई) मधून परतण्याची सोय पाहावी. ज्या वाटेच्या मध्यावर स्थानक, बसथांबा अथवा गावात उतरणारा फाटा आहे, ती वाट तेवढ्याच लांबीच्या निर्जन वाटेहून श्रेयस्कर होय.

(उ) मुक्काम व चाल मध्यम उंचीवर ठेवावी. तीन हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. तेथे अल्पकाळ थांबून दृश्य पाहावे. चालण्यासाठी पंधराशे ते दोन हजार मीटरचा पट्टा पुरेसा आहे. हृदय, फुप्फुसे वा रक्तदाब यांचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

(ऊ) बाक, सावली, पाणी आणि शौचालय यांना गौण मानू नये. टापाइनर यांच्या वाटेचे यश तिच्या दृश्याइतकेच तिच्या बाकांत आहे.

७. काही वाटा

या निकषांवर उतरणाऱ्या काही वाटांचा निर्देश करणे उचित होईल. रिगीवरील काल्टबाड ते शायडेग या वाटेचा उल्लेख वर आलाच आहे. शायडेगहून रज्जुमार्गाने उतरता येते. बर्नर ओबरलांड भागात ग्रुट्शाल्प ते म्यूरेन ही सुमारे साडेचार किलोमीटरची वाट १८९१ मध्ये सुरू झालेल्या छोट्या रेल्वेच्या सोबतीने जाते. मध्यावर विंटरेग हे स्थानक असल्याने थकलेल्यास तेथेच गाडीत बसता येते. म्यूरेनकडून ग्रुट्शाल्पकडे चालल्यास वाट हलक्या उताराची होते. मेनलिखेन ते क्लायने शायडेग ही वाटही जवळपास तेवढ्याच लांबीची असून सुमारे १७० मीटर उतरते. आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे तीवर समोर असतात. दोन्ही टोकांना यांत्रिक वाहनाची सोय आहे.

दरीच्या तळाशी चालावयाचे असल्यास लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही जवळजवळ सपाट वाट आहे. तिच्या आरंभीच श्टाउबबाख हा सुमारे तीनशे मीटर उंचीचा धबधबा आहे. गटे १७७९ मध्ये येथे आला होता आणि या धबधब्याच्या दर्शनातून त्याची एक प्रसिद्ध कविता जन्मली. ज्या ठिकाणी कवीला कविता सुचली, तेथे पोहोचण्यासाठी आजही शंभर मीटर चढण्याची गरज नाही.

८. मराठी ज्येष्ठ प्रवासी आणि ऋतूचा प्रश्न

महाराष्ट्रातून होणाऱ्या सहली बहुधा शाळांच्या सुट्टीनुसार एप्रिल-मे महिन्यांत आखल्या जातात. नातवंडांसह जाणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच वेळापत्रक पाळावे लागते. आल्प्समध्ये मात्र हा ऋतुसंधीचा काळ असतो. मे महिन्यात मधल्या व वरच्या उंचीवरील अनेक वाटा बर्फाखाली अथवा चिखलात असतात आणि काही रज्जुमार्ग दुरुस्तीसाठी बंद असतात. त्यामुळे मेनलिखेनसारखी वाट या दिवसांत बहुधा उपलब्ध होत नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ तिला अनुकूल ठरतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी दरीतील, सरोवराकाठच्या आणि मेरानसारख्या कमी उंचीवरील वाटा निवडणे योग्य होय. ज्या ज्येष्ठांवर सुट्टीचे बंधन नाही, त्यांनी सप्टेंबरचा विचार करावा.

दुसरा प्रश्न सहलीच्या आखणीचा आहे. युंगफ्राऊयोखची भेट हा बहुतेक सहलींचा मानबिंदू असतो. ती गैर नाही. परंतु संपूर्ण दिवस गाडीत व रांगेत घालवून उंचावर तासभर थांबणे आणि मधल्या उंचीवर एकही किलोमीटर न चालता परतणे, यात ज्या व्यवस्थेचा इतिहास वर पाहिला तिचा अर्धाच लाभ होतो. गाडी हे साधन होते. चाल हे साध्य होते. सहलीच्या वेळापत्रकात एक सकाळ एका सौम्य वाटेसाठी राखून ठेवली, तर सत्तरीतील प्रवाशालाही ‘मी आल्प्समध्ये चाललो’ असे रास्तपणे म्हणता येईल.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. आल्प्समधील सौम्य पायवाट निसर्गतः उपलब्ध नव्हती. अभियंते, वैद्य, शेतकरी, शिक्षक आणि मतदार यांच्या प्रयत्नांतून ती घडली.

२. दातेरी रेल्वेचे ऐतिहासिक कार्य केवळ शिखर सुलभ करणे एवढेच नसून, चढ व चाल यांची फारकत करून वयस्क माणसाला उंचावर चालण्याची संधी देणे हेही आहे.

३. वाटांची प्रतवारी ही कल्पना रुग्णोपचारातूनही पुढे आली. त्यामुळे सोपी वाट निवडणे हे कमीपणाचे नसून शास्त्रसंमत आहे.

४. पर्वताच्या संरक्षणाचा आग्रह आणि पर्वत सर्वांना खुला असण्याचा आग्रह यांत विरोध असला, तरी मधल्या उंचीवरील पायवाटेत या दोहोंचा मेळ बसू शकतो.

५. ज्येष्ठांसाठी वाट निवडताना अंतरापेक्षा उतार, पृष्ठभाग, उंची, ऋतू आणि परतीची सोय हे घटक निर्णायक मानावेत.

काल्टबाडच्या बंद पडलेल्या रेल्वेने आपल्या भागधारकांना लाभ दिला नाही. पण तिच्या वाटेवरून आज काठी टेकीत जाणारे आजोबा हिमशिखरे पाहत चालतात. पर्यटनाच्या इतिहासाने शिखरांच्या तारखांबरोबर अशा वाटांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. आपल्याकडील डोंगरांच्या विकासाचे आराखडे करतानाही रस्ता व रज्जुमार्ग यांखेरीज एक सपाट, सावलीची, बाक असलेली पायवाट त्यात आहे किंवा नाही, हा प्रश्न विचारला जावा, एवढी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.